पाठीत राहिलेला तुकडा

चप्पल

मुलुंडच्या भाजी मार्केटमधून घरी आलो, तेव्हा वैशालीने दार उघडलं आणि माझ्या पायांकडे बघून हसली.

"अहो, एक चप्पल कुठे आहे?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय अनवाणी. तळव्याला चिखल, एका बोटातून थोडं रक्त. मार्केटपासून घरापर्यंतचा रस्ता, मग तीन जिने, आणि मला काहीच कळलं नव्हतं. चप्पल निघाल्याचं नाही, खडा टोचल्याचंही नाही.

मी पण हसलो. म्हणालो, "घाईत राहिली असेल." वैशाली पाय धुवायला पाणी घेऊन आली. ते पाणी गरम की गार, हेही उजव्या पायाला कळत नव्हतं. तिला तसं सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत मी खुर्चीत बसून पायाची बोटं हलवून बघत होतो. डाव्याची हलत होती. उजव्याची हलताहेत असं वाटायचं, बघितलं तर जिथल्या तिथे.

हे लिहितोय ते माझ्यासारख्या, पायाला मुंग्या येतात म्हणून तेल चोळत बसलेल्या माणसांसाठी. मी दोन महिने तेलच चोळलं. वैशाली म्हणायची दाखवून या, मी म्हणायचो वय झालं. वय त्रेपन्न. मी काम करतो त्या यार्डात डोझरवर चढताना पाय अडखळायला लागला, तरी बूट जड आहेत म्हणून नवे बूट घेतले.

"काका, उतरा खाली"

चप्पल हरवल्यावर मात्र डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कंबरेचा एमआरआय करायला सांगितला. मुलगी ऋतुजा बरोबर आली. आत कपडे बदलले, घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी काढून तिच्याकडे दिली. फळीवर आडवा झालो. मशीन चालवणारा तरुण मुलगा कागदावर खुणा करत एकेक प्रश्न विचारत होता.

"पेसमेकर? कुठे प्लेट, स्क्रू? शरीरात काही धातू?"

"तुकडा आहे एक."

"कसला तुकडा?"

"तोफगोळ्याचा. पाठीत."

त्याचं पेन थांबलं. "काका, उतरा खाली," तो म्हणाला. "हळूच. उतरा आधी."

त्या खोलीतून त्याने मला जवळजवळ हाताला धरून बाहेर काढलं. मशीनमधलं चुंबक फार ताकदीचं असतं, आतला लोखंडाचा तुकडा खेचला तर जागचा हलू शकतो, असं त्याने ऋतुजाला समजावलं. माझ्याशी बोललाच नाही. ऋतुजाच्या हातात माझी अंगठी आणि साखळी तशीच होती.

"बाबा, तुकडा अजून आत आहे? तू म्हणायचास काढला."

"दोन काढले. एक राहिला."

ती रिक्षात बसल्या बसल्या फोनवर वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला, तसा मी फोन हातातून काढून घेतला. त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. लढाईच्या नंतर इतकी वर्षं जो तुकडा मी विसरून गेलो होतो, तो आता कुशीवर वळलो की आहे, वाकलो की आहे, शिंकलो की आहे.

मॅडमनी विचारलं, "कशाचा होता?"

एमआरआय करता येणार नव्हता, म्हणून पाठीत सुई घालून रंग सोडला, मग सीटी स्कॅन केला. तो घेऊन मणक्याच्या सर्जनकडे गेलो. मॅडम चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. स्क्रीनवर त्यांनी बोट ठेवलं. मणक्याला चिकटून एक पांढराशुभ्र ठिपका, आणि त्याच्याभोवती करड्या रंगाचा गोळा.

"तुकड्याभोवती गाठ झाली आहे. ती नसांवर दाबतेय. म्हणून पाय."

"कॅन्सर?" वैशालीने विचारलं. घरात आम्ही तिघं तोच शब्द गिळून बसलो होतो.

"काढून तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. परब, हा तुकडा कशाचा होता? कधी लागला, कसा लागला, सगळं सांगा. मला आत काय सापडणार त्याचा अंदाज हवाय."

मग मी सांगितलं. वैशाली शेजारीच बसली होती. आमचं लग्न लढाईनंतर झालं. पाठीवरचा वण तिने बघितला होता आणि 'तुकडा लागला होता' एवढं तिला माहीत होतं. बाकी तिने विचारलं नाही आणि मी कधी बोललो नाही.

कारगिलची लढाई चालू होती. मी लष्करासाठी सीमेवर रस्ते बांधणाऱ्या दलात डोझर ऑपरेटर होतो. बंदूक आमच्या हातात नसायची. आमचं काम एकच, रस्ता चालू ठेवायचा. वरच्या कड्यांवर शत्रूचे सैनिक बसलेले, त्यांना खालचा रस्ता तळहातासारखा दिसायचा. डोझरची धूळ उठली की गोळे यायचे. म्हणून उजेड मावळला की आम्ही कामाला लागायचो, दिवे बंद ठेवून. मशीनच्या सीटभोवती आम्ही वाळूची पोती बांधली होती, त्यातल्या त्यात धीर यावा म्हणून.

दिव्याशिवाय दरीची कड दिसत नाही. म्हणून मशीनच्या पुढे एक माणूस चालायचा. पाठीला पांढरं फडकं बांधून. ते फडकं जिथे जाईल तिथे मी मशीन न्यायचं. माझ्या पुढे सोमरा असायचा. झारखंडचा, दुमक्याकडचा, रोजंदारीवर आलेला. मशीन टेकवायला त्याने माती दाखवली की मी तिथे निर्धास्त जायचो. भीती वाटत नव्हती असं नाही. पण तो पुढे चालतोय आणि मी पोत्यांच्या आड बसलोय, मग मी कुठल्या तोंडाने घाबरायचं?

त्या संध्याकाळी रस्ता एका वळणावर तुटला होता. खाली ट्रक अडकून पडले होते, त्यांच्यात दारूगोळा होता आणि पाणी होतं. निम्मा खड्डा भरून झाला होता. गोळा वरच्या उतारावर फुटला. कोणीतरी पाठीत फावडं मारावं तसं वाटलं. मी पुढे झुकलो आणि मग माझे हात चालेनात. मशीन चालतच होतं. हळूहळू दरीकडे.

"मग?" मॅडम.

"सोमरा वर चढला. त्याला मशीन येत नव्हतं. दिसली ती दांडी ओढली. ती पातं खाली सोडायची दांडी निघाली. पातं जमिनीत रुतलं, इंजिन घुसमटलं आणि मशीन थांबलं. चाकांवरच्या चेनचा पुढचा भाग कडेच्या बाहेर गेला होता."

मॅडमनी लिहून घेतलं, फक्त 'पोलादी तुकडा' एवढंच लिहिलं असावं. पुढचंही सांगितलं. लष्कराच्या दवाखान्यात दोन तुकडे काढले. तिसरा हाडाला घट्ट धरून बसला होता, काढायला गेलं तर जास्त नुकसान होईल म्हणून ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात मी परत मशीनवर बसलो.

बाहेर पॅसेजमध्ये वैशाली बाकावर बसली.

"तो सोमरा परत भेटला?"

"नाही. मी दवाखान्यातून आलो तोवर त्याचा हंगाम संपला होता. गावी गेला."

"शोधलं नाही?"

"शोधलं गं. रोजंदारीचा माणूस. दुमक्याकडचा, एवढंच सगळ्यांना माहीत."

"मग मी आता आभार कोणाचे मानू?" ती म्हणाली. चिडून म्हणाली.

घरातली भांडणं

मॅडमनी दोन्ही बाजू स्पष्ट सांगितल्या होत्या. ऑपरेशन केलं तर पाय सुधारेल, किंवा आहे तसाच राहील, किंवा दोन्ही पाय जातील. नाही केलं तर गाठ वाढत जाईल आणि पाय हळूहळू जातील. कधी, ते माहीत नाही.

घाटकोपरहून दादा आला. माझा मोठा भाऊ. वडील गिरणीत असताना घर त्यानेच सांभाळलं, त्यामुळे आमच्याकडे त्याचा शब्द मोठा.

"इतकी वर्षं त्या तुकड्याने काय केलं नाही, आता कशाला डिवचायचं त्याला? मणक्याचं ऑपरेशन म्हणजे वाट लागते माणसाची. आमच्या खालचा राणे बघ, पडून आहे."

"काका, आम्ही नाही डिवचत, तोच डिवचतोय," ऋतुजा म्हणाली.

"तू फोनवर वाचून मला शिकवू नको."

"मग तुम्ही राणेंवरून शिकवू नका ना!"

तिला बेंगळुरूला नोकरी लागली होती. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून ती बसली होती, आणि ती ढकलली म्हणून वैशाली तिच्यावर चिडली होती, आणि जा म्हटलं म्हणून ती आईवर. मी मध्ये बसून दोघींचा चहा गार होताना बघत होतो. आजार माझा होता, पण भांडण सगळ्यांच्या अंगात शिरलं होतं.

शेवटी वैशालीने कप खाली ठेवला. "ते इथेच बसलेत. त्यांना कोणी विचारणार आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती, आणि कुठली जास्त ते रोज सकाळी बदलत होतं. उठलो की आधी भिंतीला उजवा अंगठा टेकवून बघायचो. आज कालच्यापेक्षा कमी कळतंय का? की मलाच तसं वाटतंय? पुन्हा टेकवायचो. वैशाली दारातून बघायची आणि परत जायची.

निर्णय मी घेतला असं म्हणायलाही नको. एका दुपारी जिना चढताना मांडीवर ओलं वाटलं. डाव्या मांडीवर, उजवीला तर कळतच नव्हतं. मी खाली बघितलं. पँट भिजली होती आणि मला लघवी झाल्याचं कळलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर भिंतीला धरून उभा राहिलो. वरून शेजारच्या बाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. कोणी खाली उतरू नये एवढंच डोक्यात.

हे लिहायला लाज वाटते. पण ज्यांना असं होतं त्यांनी लाजून घरी बसू नये म्हणून लिहितो. ही थांबायची खूण नसते, धावायची असते.

घरात गेलो आणि म्हणालो, "वैशू, मॅडमना फोन लाव."

"एक हलता ना?"

ऑपरेशनच्या सकाळी पाठीवर निळ्या पेनाने खूण केली. वैशाली स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत आली. काही मोठं बोलेल असं वाटलं होतं. म्हणाली, "मी इथेच आहे, कॅन्टीनला पण नाही जाणार."

शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम पायाशी उभ्या होत्या.

"डावा पाय उचला."

उचलला.

"उजवा."

मी सगळा जोर लावला. कपाळावर घाम आला. मॅडम पायाकडे बघत होत्या आणि मी मॅडमच्या तोंडाकडे.

"आत सूज असते," त्या म्हणाल्या. "वाट बघू."

ती वाट बघणं या सगळ्या आजारातलं सगळ्यात वाईट. गाठीचा रिपोर्ट यायचा होता, पायाचं काही कळत नव्हतं, आणि सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. दादा सुद्धा. दादा गोड बोलायला लागला तेव्हा मी खरा घाबरलो. वॉर्डात पहाटे तापमान, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग जेवण, आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या वेळात मी चादर बाजूला करून उजवा पाय बघायचो. दुसऱ्या कोणाचा तरी पाय माझ्या पलंगावर ठेवल्यासारखा.

आमच्या वॉर्डातल्या मावशी मालवणकडच्या. अंग पुसायला आल्या की बोलत राहायच्या. माझं आडनाव ऐकून त्यांनी गावाची भाषा सुरू केली.

"काय झाला ओ तुमका? सकाळपास्ना चादर खेचतास."

"पाय बघतंय."

"हलतत मां?"

"एक हलता. एक नाय."

"एक हलता ना? मगे एकाची काळजी करा. दोघांची कित्याक करतास?"

मी हसलो. पाठीतले टाके ओढले गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलो. त्यानंतर रोज त्या आल्या की मी विचारायचो, आज एकाची का दोघांची? त्या बोटाने एक दाखवायच्या.

मग एका सकाळी त्या माझे पाय पुसत होत्या. फिजिओथेरपिस्ट म्हणायचा तसं मी डोळे मिटून अंगठ्याला हुकूम सोडत होतो. सोडून सोडून कंटाळलो होतो. मावशी एकदम ओरडल्या.

"आंगठो हललो! ओ, आंगठो हललो!"

मी डोळे उघडले. काही हललं नव्हतं.

"परत करा. मी बघलंय."

परत केलं. बघितलं तर हललाय की नाही सांगता येऊ नये इतका, पण हलला. मावशींनी हातातला ओला रुमाल तसाच धरून नर्सला बोलावलं. वैशाली खालून आली तेव्हा तिला दाखवायला गेलो तर अंगठा काही केल्या हलेना. ती म्हणाली, "हलेल. मी बसलेय." आणि पायाशी खुर्ची ओढून बसली.

रिपोर्ट

कॅन्सर नव्हता. तुकड्याभोवती शरीराने स्वतःच कवच तयार केलं होतं, आणि त्यात इतक्या वर्षांनी पू साठला होता. मॅडमनी तो काढला, तुकडाही काढला. हाडात घुसलेला तिळाएवढा कण मात्र ठेवावा लागला.

"म्हणजे अजून आहे?" ऋतुजाने विचारलं.

"आहे. एमआरआय यांना कधीच नाही. आणि काही वाटलं की यायचं, तेल चोळत बसायचं नाही."

आनंद व्हायला हवा होता. झालाही. वैशाली पॅसेजमध्ये जाऊन रडून आली. पण माझ्या मनाने तो तिळाएवढा कण लगेच धरला. आजही धरून आहे. पाठीत जरा चमकलं की हात तिथे जातो. बरं होणं म्हणजे भीती जाणं, असं मला वाटायचं. तसं नसतं. भीतीबरोबर जेवतो, फिरतो, झोप लागली तर झोपतो.

घरी आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही हे मी विसरलोच होतो. सोसायटीतल्या चौघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले वर नेलं. त्यांतल्या एकाशी पार्किंगवरून माझं वर्षभर बोलणं बंद होतं. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला खुर्ची टेकवली तेव्हा तो म्हणाला, "परब, वजन कमी करा जरा." मी हो म्हणालो. आता बोलतो आम्ही.

ऋतुजा बेंगळुरूला गेली. जाताना मला मिठी मारली आणि आईला म्हणाली, "तू पण दाखव एकदा, तुझं बीपी." दोघी तिथेही भांडल्या. बरं वाटलं ऐकून.

यार्ड

पायाला पट्टा लावून, काठी घेऊन मी चालायला लागलो तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती. मशीन. सगळं आयुष्य त्या सीटवर गेलं. दलातून निवृत्त झाल्यावरही एका यार्डात मशीनवर देखरेख करायचो, नव्या पोरांना शिकवायचो, कोणी नसलं तर स्वतः चालवायचो. फिजिओ म्हणाला होता घाई नको. वैशाली म्हणाली, "जायचंच तर मी पण येणार."

ती यार्डाच्या गेटशी रिक्षातच बसली. मालकाने चहा मागवला, विचारपूस केली. मी म्हटलं, जरा बसून बघतो. जुना डोझर कोपऱ्यात होता. चढायला वेळ लागला. दोघं धरायला आले, त्यांना लांब उभं केलं.

सीटवर बसलो, इंजिन चालू केलं. तो थरथराट कंबरेतून वर आला आणि मी एकदम घाबरलो, आतला कण हलेल म्हणून. तरी बसून राहिलो. हात आपोआप दांड्यांवर गेले. हातांना सगळं आठवत होतं. मग उजवा पाय ब्रेकवर ठेवला.

पाय ब्रेकवर आहे की बाजूला, मला कळलं नाही. खाली वाकून बघितलं. ब्रेकवर होता. दाबला. किती दाबला गेला ते कळलं नाही. परत खाली बघितलं. असं तीनचार वेळा केलं. पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो, पायाकडे बघून ब्रेक दाबणाऱ्याने मशीनवर बसायचं नाही, तो कोणाला तरी मारेल. समोर यार्डात माणसं फिरत होती. मी इंजिन बंद केलं.

उतरलो. मालक म्हणाला, "परब, खाली उभं राहून शिकवा ना पोरांना. तुमच्यासारखं कोण सांगणार?" त्याने मनापासून म्हटलं. कळवतो म्हणालो आणि काठी टेकत गेटकडे निघालो.

रिक्षात बसलो. हायवेला लागल्यावर वैशाली म्हणाली, "नाही जमलं?"

"नाही. नाही जमणार आता."

थोड्या वेळाने मी खाली बघितलं, तर तिचा हात माझ्या उजव्या गुडघ्यावर होता. कधी ठेवला कोण जाणे. मी त्या हाताकडे बघतोय हे तिने पाहिलं, आणि तिला कळलं. तिने हात उचलला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवला.